अभ्यासिकेत दोन नेट लायनी वाटून वापरायच्या कशा

शंभर एमबीपीएसची फायबर लाइन आहे, सोबत पन्नासची दुसरी घेतली, म्हणजे आता दीडशे मिळणार, हा हिशेब डोक्यात ठेवून दुसरी लाइन घेऊ नका. एका लॅपटॉपवर एक फाइल उतरवायला लावली तर ती शंभरच्या वेगाने येईल किंवा पन्नासच्या. अर्धी इकडून, अर्धी तिकडून अशी ती येत नाही. दोन्ही लायनींचे बाहेरचे पत्ते (आयपी) वेगळे असतात. एका पत्त्यावरून सुरू झालेलं बोलणं मध्येच दुसऱ्या पत्त्यावरून पुढे न्यायला गेलं, तर समोरचा सर्व्हर ते ओळखत नाही आणि तोडून टाकतो. त्यामुळे राउटर एका कनेक्शनचे तुकडे करत नाही. पूर्ण कनेक्शन एका लाइनवर टाकतो, पुढचं कदाचित दुसऱ्या.

एका माणसाच्या घरी याचा फायदा मर्यादितच. पण तीस-चाळीस मुलं बसणाऱ्या अभ्यासिकेत, कोचिंग क्लासमध्ये किंवा छोट्या ऑफिसात हीच पद्धत उत्तम चालते, कारण तिथे वाटायला माणसं असतात. हा लेख अशा जागेसाठी आहे: स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका, चाळीस खुर्च्या, प्रत्येकाजवळ फोन आणि निम्म्यांजवळ लॅपटॉप, संध्याकाळी एकदम सुरू होणारी ऑनलाइन लेक्चर्स आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी फॉर्म भरायची घाई.

दोन लायनींचा वेग खरोखर एकत्र करण्याची सोय आहे, पण त्यासाठी बाहेर कुठेतरी भाड्याचा सर्व्हर घेऊन दोन्ही लायनींचे बोगदे, म्हणजे खास बंद वाटा, त्याच्यापर्यंत न्यावे लागतात. 'ओपनएमपीटीसीप्राउटर' हे त्याचंच साधन. सर्व्हरचं भाडं दर महिन्याला आणि वाढलेली लेटन्सी, म्हणजे उत्तर यायला लागणारा उशीर, कायमची. अभ्यासिकेला त्याची गरज नाही.

लाइन निवडताना

दुसरी लाइन वेगासाठी घ्यायची असली, तरी ती पहिलीबरोबर एकाच वेळी बंद पडणार नाही याची काळजी घ्या. दोन वेगळ्या कंपन्यांच्या फायबर एकाच खांबावरून, एकाच वळणाने इमारतीत येत असतील तर रस्त्याच्या कामात जेसीबी दोन्ही एकदमच तोडतो. जोडणीला आलेल्या माणसाला केबल कुठून आणणार ते सरळ विचारा. शक्य असेल तर एक फायबर आणि दुसरी वायरलेस, म्हणजे ५जी किंवा ४जी राउटरवरची, अशी जोडी करा. फक्त वायरलेस लाइनला डेटाची मर्यादा असेल तर तिच्यावर रोजचा भार टाकू नका. पहिली पडली तरच तिचा वापर होईल असं ठेवा. कसं ते पुढे येतंच.

सामान

ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर बसवायची मोफत, खुली प्रणाली) चालणारा, गिगाबिट पोर्ट असलेला राउटर हवा. त्यात किमान १२८ एमबी रॅम आणि १६ एमबी फ्लॅश असावी. विकत घेण्याआधी ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत तुमचं मॉडेल आणि त्याची नेमकी आवृत्ती दोन्ही तपासा, कारण एकाच नावाच्या डब्यात आवृत्तीनुसार आतली चिप बदलते. याशिवाय एक स्विच, जागेप्रमाणे एक-दोन वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंट आणि चार-पाच लॅन केबली. तयार ड्युअल वॅन राउटर (वॅन म्हणजे बाहेरच्या लाइनचं पोर्ट, लॅन म्हणजे आतल्या उपकरणांचं) बाजारात मिळतात आणि त्यांच्यावरही पुढचे बहुतेक नियम तसेच लागू पडतात, मेन्यूची नावं तेवढी वेगळी.

पुढे सगळी नावं आणि अंक मराठीत लिहिले आहेत; राउटरच्या पानावर ते अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाकायचे.

आधी मोजा

प्लॅनवर लिहिलेला वेग सोडून द्या. लॅपटॉप केबलने थेट एकेका कंपनीच्या डब्याला जोडा आणि सकाळी एकदा, रात्री आठ-नऊच्या सुमारास एकदा, प्रत्येक वेळी तीन चाचण्या घ्या. डाउनलोड आणि अपलोड दोन्ही टिपून ठेवा. वाटणीचं प्रमाण रात्रीच्या आकड्यांवरून ठरवायचं, कारण गर्दी तेव्हाच असते. समजा पहिलीवर ९० आणि दुसरीवर ४५ मिळाले, तर प्रमाण २:१. दुसरी रात्री २५ वर घसरत असेल तर तिला ४:१ नेच काम द्या, प्लॅन पन्नासचा का असेना.

पत्त्यांचा गोंधळ पहिल्यांदा सोडवा

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. पहिल्या कंपनीच्या डब्याचा आतला पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो. दुसऱ्या कंपनीचाही तोच असू शकतो. आणि ताज्या ओपनडब्ल्यूआरटीचाही तोच असतो. तिघं एकाच पत्त्यावर असले की पॅकेट कुठल्या तारेने पाठवायचं हे राउटरला कळत नाही. कधी चालतं, कधी नाही. तीन वेगळे पट्टे, म्हणजे पत्त्यांचे गट, ठेवा:

पहिल्या कंपनीचा डबा १९२.१६८.१.१ वरच राहू द्या.
दुसऱ्या कंपनीचा डबा १९२.१६८.२.१ करा. त्याचं पान कंपनीने बंद ठेवलं असेल तर हा बदल त्यांच्याकडूनच करून घ्या.
तुमचा राउटर १९२.१६८.५०.१ करा.

कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये (तो नुसती लाइन जोडून देतो, राउटरचं काम करत नाही) टाकून पीपीपीओईचं (कंपनीकडे लॉगिन करायच्या पद्धतीचं) नाव-पासवर्ड तुमच्याच राउटरमध्ये घालता आलं तर आणखी चांगलं. पण नाही जमलं तरी बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकला दुहेरी नॅटने (बाहेर पडताना पत्ता दोनदा बदलला जाण्याने) काही बिघडत नाही.

दुसरं वॅन पोर्ट तयार करणं

सुरुवातीला सध्याच्या मांडणीचा बॅकअप 'सिस्टिम' मधून उतरवून ठेवा. मग एकच लाइन जोडलेली असताना, नेट चालू आहे तोवरच, 'सिस्टिम' मधल्या 'सॉफ्टवेअर' पानावर जाऊन याद्या ताज्या करा आणि 'लुसी-अ‍ॅप-एमवॅन३' हे पॅकेज बसवा. त्याच्यासोबत लायनींत ट्रॅफिक वाटणारं मूळ 'एमवॅन३' आपोआप येतं. हे आधी करायचं कारण साधं आहे: पोर्टांची अदलाबदल करताना नेट गेलं तर पॅकेज उतरवायला मार्गच उरत नाही.

१. 'नेटवर्क', 'इंटरफेसेस', 'डिव्हाइसेस' मध्ये जा. 'बीआर-लॅन' उघडून ब्रिज पोर्टांच्या यादीतून 'लॅन४' ची खूण काढा. तुमचा लॅपटॉप त्या वेळी लॅन४ ला जोडलेला नको, नाहीतर राउटरपासून तुम्हीच तुटाल.

२. नवा इंटरफेस बनवा. नाव 'वॅनबी', डिव्हाइस 'लॅन४', प्रोटोकॉल डीएचसीपी क्लायंट (पत्ता आपोआप घेणारा).

३. फायरवॉल सेटिंगमध्ये त्याला 'वॅन' झोन द्या. ही पायरी सुटली की लाइन हिरवी दिसते, राउटरला पत्ताही मिळतो, पण मुलांचं काहीच उघडत नाही, कारण फायरवॉल त्या लाइनकडे ट्रॅफिक जाऊ देत नाही आणि तिच्यावर नॅटही होत नाही. तासन्‌तास शोधाशोध करायला लावणारी चूक आहे ही.

४. दोन्ही इंटरफेसच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' भागात गेटवे मेट्रिक (कोणता मार्ग आधी, ते सांगणारा आकडा) भरा: 'वॅन' ला १०, 'वॅनबी' ला २०. आकडे कुठलेही चालतील, पण वेगळे हवेत. मेट्रिक दिलं नाही किंवा सारखंच दिलं तर दोन डिफॉल्ट मार्गांची टक्कर होते आणि एमवॅन३ ला दुसरी लाइन वापरताच येत नाही.

५. त्याच भागात 'समोरच्याने सांगितलेले डीएनएस वापरा' ही खूण काढून १.१.१.१ आणि ८.८.८.८ हे सगळ्यांना खुले डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारे सर्व्हर) घाला. बऱ्याच कंपन्यांचे डीएनएस सर्व्हर फक्त स्वतःच्या ग्राहकांना उत्तर देतात. पहिल्या कंपनीच्या डीएनएसला विचारलेला प्रश्न दुसऱ्या लाइनने बाहेर पडला तर उत्तर येत नाही. मग साइट दोनदा उघडते, तिसऱ्यांदा लटकते, आणि दोष मात्र वायफायला दिला जातो.

आयपीव्ही६ चं काय

आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटची नवी पत्ता-पद्धत, सुरुवातीला लॅनवर बंद ठेवा. 'लॅन' इंटरफेसच्या डीएचसीपी भागात आयपीव्ही६ खाली आरए सेवा आणि डीएचसीपीव्ही६ सेवा दोन्ही 'डिसेबल्ड' करा, आणि 'वॅन६' इंटरफेस आपोआप सुरू होऊ देऊ नका.

आयपीव्ही४ मध्ये राउटर बाहेर पडताना पत्ता बदलून देतो. आयपीव्ही६ मध्ये सहसा तसं होत नाही; फोनला थेट पहिल्या कंपनीच्या पट्ट्यातला पत्ता मिळतो. ते पॅकेट दुसऱ्या कंपनीच्या लाइनने पाठवलं तर ती कंपनी परका पत्ता पाहून ते टाकून देते. शिवाय फोन आयपीव्ही६ मिळालं की तेच आधी वापरतात. म्हणून नियम नीट लिहूनही बहुतेक ट्रॅफिक एकाच लाइनने जाताना दिसलं, तर पहिला संशय याच्यावर घ्या.

एमवॅन३: चार थर

'नेटवर्क' खाली 'मल्टीवॅन मॅनेजर' दिसू लागेल. त्यातले इंटरफेस, मेंबर, पॉलिसी, रूल हे चार टॅब याच क्रमाने भरायचे. पॅकेजसोबत नमुन्याची मांडणी येते. ती वाचून घ्या आणि मग पुसून टाका, स्वतःची मांडणी स्वतः लिहिलेली असली की चूक सापडते.

इंटरफेस. नावं नेटवर्कमधल्या नावांशी अक्षरन्‌अक्षर जुळली पाहिजेत, 'वॅन' आणि 'वॅनबी'. प्रत्येकाला तपासणीसाठी दोन पत्ते द्या, समजा १.१.१.१ आणि ८.८.८.८. 'ट्रॅकिंग रिलायबिलिटी' १ ठेवा, म्हणजे दोघांपैकी एकाने उत्तर दिलं तरी लाइन जिवंत मानली जाईल. पिंगचं (लाइन जिवंत आहे का ते विचारणाऱ्या छोट्या पॅकेटचं) अंतर ५ सेकंद, 'डाउन' ३, 'अप' ५. म्हणजे लाइन गेल्यावर साधारण पंधरा-वीस सेकंदांत राउटर तिला बाद करतो आणि परत आल्यावर सुमारे पंचवीस सेकंद सलग उत्तरं मिळाली तरच तिच्यावर भार टाकतो. 'डाउन' १ करण्याचा मोह टाळा. एक पिंग हरवणं रोजचं आहे. तेवढ्यावर लाइन बाद होऊ लागली की अभ्यासिकेतलं प्रत्येक लेक्चर दर काही मिनिटांनी अडखळेल.

तपासणीला कंपनीच्या डब्याचा पत्ता मात्र कधीच देऊ नका. रस्त्यात फायबर तुटली तरी टेबलावरचा डबा पिंगला उत्तर देतच राहतो. राउटरच्या लेखी लाइन चालू, आणि निम्मी मुलं नेटशिवाय.

'फ्लश कनट्रॅक' (चालू कनेक्शनांची नोंद पुसणं) मध्ये फक्त 'डिसकनेक्टेड' वर खूण करा. त्यामुळे मेलेल्या लाइनला चिकटून राहिलेली कनेक्शनं सुटतात. यात सगळ्यांचीच नोंद पुसली जाते, त्यामुळे चांगल्या लाइनवरच्यांचा कॉलही क्षणभर तुटू शकतो. बाकीच्या खुणा न करण्याचं कारण तेच.

मेंबर. मेंबर म्हणजे एक लाइन, तिचं मेट्रिक आणि तिचं वजन. हे मेट्रिक आधीच्या गेटवे मेट्रिकपेक्षा वेगळं. नाव एक असल्यामुळे नवा माणूस हमखास गोंधळतो. इथे मेट्रिक म्हणजे पाळी: सारखं असेल तर दोघी एकत्र काम करतात, कमी असेल ती आधी. वजन म्हणजे वाटा. तीन मेंबर बनवा:

'ए१': वॅन, मेट्रिक १, वजन २
'बी१': वॅनबी, मेट्रिक १, वजन १
'बी२': वॅनबी, मेट्रिक २, वजन १

पॉलिसी. नाव १५ अक्षरांच्या आत ठेवा. 'वाटप' मध्ये ए१ आणि बी१ घाला: दोघी चालू, २:१ वाटा, एक पडली की सगळा भार दुसरीवर. 'आधीए' मध्ये ए१ आणि बी२ घाला: सगळं पहिल्या लाइनवर, ती पडली तरच दुसरी. दुसरी लाइन डेटा-मर्यादेची वायरलेस असेल तर 'वाटप' बनवूच नका, 'आधीए' एवढीच पुरे.

रूल. खरा निर्णय इथे होतो. काहीच न सांगता एमवॅन३ प्रत्येक नवं कनेक्शन वजनाच्या प्रमाणात, पण नशिबाने, कुठल्यातरी लाइनवर टाकतो. एक वेबपान उघडताना ब्राउझर दहा-वीस कनेक्शनं करतो. त्यातली काही एका पत्त्यावरून आणि काही दुसऱ्यावरून गेली की बँका, पेमेंटची पानं आणि काही सरकारी अर्जांची संकेतस्थळं सत्र संपल्याचं सांगून बाहेर काढतात. फोटो-सही चढवून झाल्यावर, पैसे भरायच्या पानावर बाहेर फेकला गेलेला विद्यार्थी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, तेही शेवटच्या तारखेला. हे टाळणं वेग वाढवण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

उपाय 'स्टिकी' ही खूण. ती केली की एकदा एका लाइनवर गेलेलं उपकरण ठरलेल्या मुदतीत पुन्हा आलं तर त्याच लाइनवर जातं. टीसीपी आणि यूडीपी या डेटा नेण्याच्या दोन पद्धती; नमुन्याच्या मांडणीत ही खूण फक्त टीसीपीच्या ४४३ पोर्टला (सुरक्षित वेबपानांच्या दाराला) असते. तेवढ्यावर थांबू नका, कारण आजचे ब्राउझर यूडीपीच्या ४४३ वरूनही बोलतात आणि तो भाग मोकाट सुटतो. टीसीपी-यूडीपीचे दोन वेगळे स्टिकी रूल केले तरी प्रत्येक रूलची आठवण वेगळी, म्हणजे एकाच फोनचं एक अंग इकडे आणि दुसरं तिकडे. त्यापेक्षा सगळ्या प्रोटोकॉलना मिळून एकच स्टिकी रूल ठेवा. चाळीस मुलांच्या जागी कनेक्शनं वाटण्यापेक्षा माणसं वाटणं कधीही बरं. उपकरणं साठ-सत्तर असली की वाटणी आपोआप बऱ्यापैकी सारखी पडते.

रूल वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळणारा लागू होतो. म्हणून असा क्रम लावा:

पहिला, 'फॉर्म': फॉर्म भरायच्या टेबलावरचा संगणक. त्याला डीएचसीपीत १९२.१६८.५०.१० हा पत्ता कायमचा बांधा, रूलमध्ये तोच सोर्स द्या, पॉलिसी 'आधीए'.
दुसरा, 'कॅमेरा': सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, त्याचाही पत्ता बांधून 'आधीए'.
शेवटचा, 'बाकी': डेस्टिनेशन ०.०.०.०/०, प्रोटोकॉल ऑल, स्टिकी होय, मुदत १८०० सेकंद, पॉलिसी 'वाटप' (ती बनवली नसेल तर 'आधीए').

मूळ मुदत ६०० सेकंदांची असते. अर्ज भरताना कागदपत्रं शोधण्यात दहा मिनिटं सहज जातात, म्हणून अर्धा तास.

अ‍ॅक्सेस पॉइंटची एक अडचण

वरची सगळी मेहनत एका गोष्टीने वाया जाते: वायफायचा डबा राउटर मोडमध्येच राहिला तर. मग त्याच्यामागची तीसही मुलं मुख्य राउटरला एकाच पत्त्यावरून आलेली दिसतात. स्टिकी रूल त्या एका पत्त्याला एका लाइनवर चिकटवतो, ती लाइन गुदमरते आणि दुसरी रिकामी. त्या डब्याला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका. तशी सोय नसेल तर त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याला १९२.१६८.५०.२ असा मोकळा पत्ता द्या आणि केबल वॅन पोर्टाऐवजी लॅन पोर्टात लावा.

जाता जाता डीएचसीपीची मुदतही १२ तासांवरून ३ तासांवर आणा. मूळ पट्ट्यात १५० पत्ते असतात. सकाळ-संध्याकाळच्या तुकड्या आणि वायफायचा पत्ता बदलणारे फोन मिळून ते एखाद्या दिवशी संपतात.

तपासून पाहणं

'स्टेटस' मधल्या मल्टीवॅन पानावर दोन्ही लायनी हिरव्या दिसल्या पाहिजेत. आता चार-पाच फोनांवर स्वतःचा बाहेरचा पत्ता दाखवणारं पान उघडा. दोन वेगळे पत्ते दिसायला हवेत. एकाच फोनवर ते पान पुन्हा पुन्हा उघडलं तर पत्ता तोच राहायला हवा. फॉर्मच्या संगणकावर नेहमी पहिल्या लाइनचाच.

मग लाइन पाडून बघा. राउटरमधली केबल काढणं ही सोपी परीक्षा आहे, कारण तार निघाल्याचं राउटरला लगेच कळतं. खरी परीक्षा पलीकडे बिघाड असतानाची. कंपनीच्या डब्याच्या पानावरून त्याचं पीपीपीओई तोडा, पण डबा चालू ठेवा. वीस सेकंदांत त्या लाइनवरचे फोन दुसरीवर गेले तर मांडणी बरोबर आहे. फायबरचा हिरवा जोड उगाच काढू नका; टोकाला धूळ बसली की सिग्नल खराब होतो.

लाइन परत आल्यावर सगळे लगेच जुन्या जागी जात नाहीत. स्टिकीमुळे काही उपकरणं बराच वेळ दुसऱ्या लाइनवर राहतात. तो बिघाड नाही.

अजूनही काही बिनसलं तर

काही साइट अर्धवट उघडून थांबतात आणि त्या एकाच लाइनवर: पीपीपीओईवर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२ असतो, १५०० नाही. 'वॅन' झोनवर पॅकेट त्या मापात बसवणाऱ्या 'एमएसएस क्लॅम्पिंग' ची खूण आहे का पाहा.

रूल कधी लागतात, कधी नाही: फायरवॉलमधलं 'फ्लो ऑफलोडिंग' बंद करा. ते पॅकेटांना आडवाटेने नेतं.

ऑफिसचं व्हीपीएन सतत तुटतं: त्या व्हीपीएन सर्व्हरचा पत्ता डेस्टिनेशन म्हणून देऊन सगळ्यात वर एक रूल लिहा, पॉलिसी 'आधीए'.

दोन्ही लायनी ठीक, तरी लेक्चर अडकतं: वाटणी भार बघून होत नाही, नशिबाने होते. दोन मोठी डाउनलोड एकाच लाइनवर आली की ती भरते. 'लुसी-अ‍ॅप-एसक्यूएम' बसवून प्रत्येक लाइनला मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांची मर्यादा घाला, प्रकार 'केक'. एकाच्या डाउनलोडमागे बाकीच्यांचा आवाज अडकत नाही. स्वस्त राउटरच्या प्रोसेसरला हे जड जाऊ शकतं, तेव्हा लावल्यावर पुन्हा वेग मोजा.

वीज

दोन लायनी असूनही वीज गेली की दोन्ही जातात, जर इन्व्हर्टरवर फक्त पंखे आणि दिवे असतील तर. दोन्ही कंपन्यांचे डबे, राउटर, स्विच आणि अ‍ॅक्सेस पॉइंट, सगळेच बॅकअपवर हवेत. छोटा डीसी यूपीएस घेताना प्रत्येक अडॅप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअर वाचा. १२ व्होल्ट १ अँपिअरचे तीन डबे म्हणजे जास्तीत जास्त ३६ वॅट. ९ व्होल्टच्या डब्याला १२ ची तार लागली तर तो जळू शकतो.

प्रत्येक डब्यावर कंपनीचं नाव, ग्राहक क्रमांक, तक्रारीचा नंबर आणि राउटरवर तिचं नाव 'वॅन' की 'वॅनबी' हे लिहून चिकटवा. आता एक लाइन मेली तरी मुलांना कळणारही नाही, त्यामुळे तक्रार कोणी करणार नाही. आठवड्यातून एकदा स्टेटसचं पान उघडून दोन्ही हिरव्या आहेत ना, ते बघत जा.